ताशी वीस

काच कोयाइकेहून बसने आली, दोन घोंगड्यांत गुंडाळलेली,
आणि होविता आत्या म्हणाली, मागे टाकायची नाही.
मागे टाकली की गेली.
म्हणून काच पुढे, तिच्या मांडीवर उभी,
वरची कड हनुवटीला टेकलेली,
आणि शेजारी मी, एकोणीस वर्षांचा,
लायसन्स मिळून चार महिने.
"ताशी वीस," आत्या म्हणाली. "एकवीस झाले की उतरेन."

आमचा रस्ता खडीचा,
नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखा, दात वाजवणारा.
त्याच्यासाठी लोक अर्धी पृथ्वी ओलांडून येतात.
डाव्या हाताला सरोवर,
कुणी पोतंभर मोरचूद ओतून ठेवावा तसं.
मी जन्मापासून पाहतोय,
म्हणजे पाहिलेलंच नाही.

तासाभरात मागे वरात जमली:
परदेशी नवराबायकोची झोपायची सोय असलेली गाडी,
गॅसच्या टाक्यांचा ट्रक,
एक घोडेस्वार, जो ट्रकला कंटाळून माळावर उतरला.
दोन सायकलवाले आम्हाला ओलांडून पुढे गेले.
त्यातल्या एकाने टोपी काढली.
परदेशी बाईने खिडकीतून ओरडून विचारलं,
सगळ्यात सुंदर जागा कुठली?
"पुढे," आत्या काचेआडून म्हणाली.
तिला फक्त रस्ता मोकळा व्हायला हवा होता.

वीसच्या वेगाला मात्र गोष्टी थांबून भेटतात.
सफरचंदाची तीन झाडं, ज्यांचं घर आता नाही.
तहानेने मेलेल्या बाईची देवळी,
भोवती पाण्याच्या शंभर बाटल्या,
इथे, जिथे आठातले सहा दिवस पाऊस.
आत्या हनुवटीने दाखवायची, हात गुंतलेले:
ती बघ वरची रेघ, आजोबांची मेंढरांची वाट.
कोक्रानेपर्यंत नऊ दिवस.
तेव्हा हा रस्ता नव्हता, वाराच होता.
मी बघायचो. ती म्हणायची, तू समोर बघ.

घोंगडी सरकली तशी काचेत डोंगर आला,
बर्फासकट आत्याच्या कपाळावर बसला,
वळणावर घसरून कानामागे गेला.

समोरून लाकडाचा ट्रक, आणि टण्णकन एक खडा.
गाडीच्या पुढच्या काचेवर चांदणी उमटली,
तिला हळूहळू पाय फुटले.
माझा श्वास अडकला.
आत्याने मांडीवरच्या काचेवरून बोट फिरवलं,
वरपासून खालपर्यंत.
"ती जाऊ दे," ती म्हणाली. "चल."

पूल. बेर्त्रांदचे चार दिवे. मग बाकेर नदी,
आमच्याहून कितीतरी घाईत.

एर्मिनियो काका फाटकाशी उभा होता, दुपारपासून असावा.
भिंतीतल्या भोकाला दोन हिवाळे खताची गोणी लावलेली.
काच उचलायला सगळे आले,
परदेशी नवरा, ट्रकवाला, त्याचा अबोल पोरगा.
बाई घराला वळसा घालून मागे गेली
आणि तिथेच उभी राहिली.
मागे दोन नद्या मिळतात,
निळीत नेफचं राखाडी पाणी शिरतं,
बराच वेळ दोन्ही एकमेकींना ओळख देत नाहीत.
ती परत आली, भिंतीकडे बोट, मग नदीकडे,
मग दोन्ही हात पसरून: असं कसं?
कारण भोक होतं रस्त्याच्या बाजूला.

काका लांबी मळत होता. मान वर न करता म्हणाला,
"नदी ऐकू येते.
या वाऱ्यात येणारं माणूस ऐकू येत नाही."

अंधार पडता पडता काच बसली.
एका कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा राहिला, तो राहू दिला.
गॅसचा ट्रक निघाला, वळणावर हॉर्न वाजवला,
आणि काकाने घरात बसून हात हलवला.
मग हाताकडे पाहिलं,
नवा असल्यासारखं.

आत्या चुलीपाशी. मातेचा भोपळा फिरत तिच्यापर्यंत आला
तरी तिला घेता येईना.
तिचे दोन्ही हात अजून हवेत,
काहीतरी सरळ धरून.